वीरमरणाच्या हार्दिक शुभेच्छा

सरकारी नोकरीतला शेवटचा महिना फार वाईट. पहिल्या महिन्यात आपल्याला काही येत नाही म्हणून भीती वाटते, शेवटच्या महिन्यात आपल्याला काही होईल म्हणून. मी दौलत दुर्गे, सीनियर असिस्टंट, जन्मभर एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला. कोण लागला, कोणाची बदली झाली, कोण रिटायर झाला आणि कोण वर गेला, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. रिकाम्या जागेला आमच्या ऑफिसात तेलुगूत ‘खाळी’ म्हणतात, आम्ही मराठी माणसं ‘खाली’ म्हणतो. जागा खाली व्हायला बदली, बढती, रिटायर आणि मयत अशी कारणं लागतात. पहिल्या तिन्हीत खुर्ची खाली होते आणि पुढं वर्षानुवर्षं खालीच राहते. पण माणूस नोकरीत असताना मयत झाला, तर त्याच्या पोराला नोकरी मिळते. महाराष्ट्रात याला अनुकंपा म्हणतात, आमच्याकडं तेलंगणात ‘कारुण्य’. सरकारला मेलेल्याबद्दल कारुण्य वाटतं, जिवंताबद्दल वाटावं असा कुठं जीओ, म्हणजे सरकारी आदेश, निघालेला नाही.

हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण त्याची भीती कधी वाटली नव्हती. ती भीती नरसिंगरावांनी घातली.

नरसिंगराव आमचे शेजारी, आमच्याच खात्यातून अठ्ठावन्नव्या वर्षी रिटायर झालेले. ते घरी बसले आणि थोड्याच दिवसांत सरकारनं रिटायरमेंटचं वय एकसष्ट केलं. तेव्हापासून ते माझ्याकडं असे बघतात की जणू त्यांच्या ताटातली भाकर मीच उचलली. एका संध्याकाळी ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, “दौलतराव, शेवटचा महिना ना?”

“हो.”

“जपा बरं.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? या महिन्यात तुमी गेले तर अनुपची नोकरी पक्की. पुढच्या महिन्यात गेले तर नुसता हार.” मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, “मी आपला नियम सांगून राह्यलो. तुमी शंभर वर्षं जगा ना. एक तारखेपासून.”

अनुप माझा मुलगा. एम.ए., बी.एड., वर कॉम्प्युटरचे दोन कोर्स. लग्नाचं वय झालं, पुढं सरकलं, आता तो विषय घरात कोणी काढत नाही. त्याच्यासाठी नोटिफिकेशन निघतं, मग परीक्षा पुढं ढकलली जाते, मग प्रकरण कोर्टात जातं, आणि ते कोर्टातून परत येईपर्यंत पोराच्या डोक्यावरचे आणखी काही केस गेलेले असतात. सरकारनं म्हणून उमेदवारांची वयाची मर्यादाही वाढवून दिली. बापाला खुर्चीवर बसायला मुदतवाढ आणि पोराला वाट बघायला मुदतवाढ, असा दोघांनाही सारखा न्याय झाला. माझी तीन वर्षं वाढली त्या दिवशी मी पेढे आणले होते. अनुपनं पेढा हातात घेतला, मोडला आणि म्हणाला, “अर्धा पुरे बाबा.” मला तेव्हा वाटलं, पोराला गोड आवडत नाही.

नरसिंगरावांच्या त्या बोलण्यानंतर मात्र मला घरात जिकडं तिकडं मरण दिसू लागलं. डिसेंबरचा आमचा आदिलाबादचा गारठा म्हणजे गरम पाण्याशिवाय इलाज नाही. अनुप सकाळी बादलीत हीटरची रॉड टाकायचा आणि हाक मारायचा, “बाबा, पानी तापलं, या.” इतकी वर्षं त्यानं कधी माझं पाणी तापवलं नव्हतं. मी आधी बाहेर जाऊन मेन स्विच बंद करायचो, मग एका काडीनं रॉड बाहेर काढायचो, मग बोट घालायचो. तोवर पाणी निवलेलं असायचं. जेवताना प्रतिभा, म्हणजे आमची बायको, तुपाची धार मोठी धरू लागली. “शेवटचा महिना हाये, खा पोटभर,” म्हणाली. नोकरीचा शेवटचा महिना, असं तिनं म्हटलं नाही. अनुप म्हणाला, मी रोज गाडीवर ऑफिसला सोडतो. आमचं गाव इचोड्याच्या अलीकडं, हैदराबाद-नागपूर हायवेला लागून, म्हणजे ट्रकवाल्यांच्या मर्जीवर. मी म्हटलं, मला चालायला सांगितलंय डॉक्टरांनी. मग हायवेच्या कडेनं चालायची भीती म्हणून मी वावरातून जाऊ लागलो. तिथं सापाची भीती.

माझं घाबरणं उगाच नव्हतं, आणि ते कोणाला सांगताही येत नव्हतं. कारुण्याच्या फायली घेऊन येणारी पोरं मी जन्मभर बघितली. बापाचा फोटो वरच्या खिशात असतो, डोळे सुजलेले असतात, ती खरोखरच रडून आलेली असतात. मी चहा मागवतो. ती चहा पितात, डोळे पुसतात आणि विचारतात, “सर, ऑर्डर किती दिवसात निघते?” सगळी पोरं, एकूण एक, हेच विचारतात. त्यांचं काही चुकत नाही, घर चालवायचं असतं. पण तो प्रश्न आला की माझी नजर त्या खिशाकडं जायची. वाटायचं, फोटोतल्या माणसाला हे ऐकू जाऊ नये.

घाबरलेल्या माणसानं हाताला काहीतरी चाळा लावून घ्यावा, म्हणून मी फ्लेक्सचं मनावर घेतलं. आमच्या ऑफिसात कोणी रिटायर झालं की मित्रमंडळ फाट्यावर फ्लेक्स लावतं. तो तेलुगूत असतो आणि त्यावर मराठी नावांचं काही खरं नसतं. मागं एकाचं आडनाव इतकं बदललं की त्याच्या सासऱ्यानं फोन करून विचारलं, हे कोण. मी जन्मभर तेलुगूत फायली लिहिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना माझं नाव माझ्या भाषेत असावं, एवढी एकच इच्छा. शिवाय फ्लेक्स लागला की गावाला जाहीर कळणार होतं की हा माणूस रिटायर झाला आणि तोही जिवंत.

परवानगीसाठी पंचायतीत गेलो. तिथल्या क्लार्कनं विचारलं, “लग्नाचा, वाढदिवसाचा, का लीडरचा?”

“रिटायरमेंटचा.”

“त्याचा कॉलम नाही. रिटायरमेंटची ऑर्डर आना, मंग पाहू.”

ऑर्डर शेवटच्या दिवशी मिळते. शेवटच्या दिवशी अर्ज केला तर परवानगी आठवड्यानं, तोवर रिटायरमेंट शिळी. मी म्हटलं, मग वाढदिवसाच्या कॉलममध्ये लिहा. तो म्हणाला, जन्मतारखेचा दाखला आणा. लाईनमनकडं गेलो, त्यानं सांगितलं, खांबाला दोरी बांधायची तर वेगळा अर्ज पाहिजे. लीडरचा फ्लेक्स असला तर अर्ज नको. मी लीडर नसल्याचं त्याला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना मला माझीच कीव आली.

नरसिंगराव म्हणाले, “परवानगी कायले मागता? मागितली की नाही म्हनतात. गुपचूप लावून टाका. पन मजकूर सांभाळा.”

“‘सेवानिवृत्ती’ लिहितो ना सरळ.”

“अन् लोकांनी काय समजावं? निवृत्ती म्हंजे संन्यास. कोनी म्हनन, दौलतराव बायकोले सोडून हिमालयात चालले. आपल्याकडं काय म्हनतात? पदवी विरमण. तेच लिवा, लहान लेकराले बी समजते.”

हे मात्र खरं होतं. तेलुगूत रिटायरमेंटला ‘पदवी विरमण’ म्हणतात आणि आमच्या भागातली मराठी माणसंही तेच म्हणतात. पत्रिकांवर, सत्कारात, भाषणात, सगळीकडं पदवी विरमण. हा शब्द मराठी नाही, हे आमच्या लक्षातही राहिलेलं नाही. मी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘श्री. दौलत दुर्गे यांना प्रदीर्घ सेवेनंतर पदवी विरमण. हार्दिक शुभेच्छा.’ सोबत ओळखपत्रातला फोटो दिला, केस काळे असतानाचा. त्यात मी हसत नाही, पण ओळखपत्रात कोण हसतं?

इचोड्याचं फ्लेक्सचं दुकान मराठी मजकूर चांगला करतं, असं कळलं होतं. दुकानदार वणीकडचा, पोटासाठी नुकताच इकडं आलेला. वयानं माझ्याएवढा, जाड चष्मा, आणि शुद्धलेखनाचा भारी अभिमान. माझी चिठ्ठी वाचता वाचता त्यानं दोन ठिकाणी कपाळाला आठ्या घातल्या. “तुमच्याकडं ऱ्हस्व-दीर्घाचा फार गोंधळ करतात हो,” म्हणाला. “काळजी करू नका. मी दुरुस्त करून घेतो.” मला तो माणूस फार आवडला. मी त्याला एकतीस तारखेला सकाळी फाट्यावर लावायला सांगितलं आणि बऱ्याच दिवसांनी जरा निवांत घरी आलो.

पण निवांतपणा माझ्या कुंडलीत नाही. नाताळच्या सुट्टीत आमच्या साहेबांनी इंद्रवेल्लीच्या पलीकडं एका गुड्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, कॅंप काढला. साहेबांच्या कॅंपमध्ये साहेबांची सुट्टी असते आणि माझी ड्युटी. शेवटच्या आठवड्यात जंगल! मी नाना कारणं सांगितली. साहेब पाठीवर हात ठेवून, नावाला तेलुगूतलं आदराचं ‘गारू’ लावून म्हणाले, “दौलत गारू, आखरी बार चलो ना. आप के बिना मजा नै आता.” पाठीवर हात आला की मला नाही म्हणता येत नाही. गुड्यावर मोबाइलला रेंज नाही. एका रात्रीचा कॅंप, पण परतताना जीप बंद पडली, तिचा कुठला तरी पट्टा आणायला माणूस गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. तोवर मी झाडाखाली बसायलाही घाबरत होतो, कारण झाडावर फांद्या असतात. शेवटी एकदाची जीप सुरू झाली आणि दुपारी त्यांनी मला फाट्यावर उतरवलं. मी धडधाकट होतो. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग मी वर बघितलं.

दोन खांबांच्या मध्ये मी होतो. प्रचंड मोठा, न हसणारा. मागं तिरंगा फडकत होता, दोन्ही बाजूंना मशाली, फोटोला झेंडूचा छापील हार. आणि माझ्या डोक्यावर, एकही चूक नसलेल्या शुद्ध मराठीत लिहिलं होतं: ‘श्री. दौलत दुर्गे यांना प्रदीर्घ सेवेनंतर पदवी. वीरमरण.’ खाली, मुंग्यांएवढ्या अक्षरात, ‘हार्दिक शुभेच्छा’.

काय झालं ते पुढं कळलं. ‘विरमण’ असा शब्द मराठीत नाही, हे त्या शुद्ध माणसाला पक्कं ठाऊक. म्हणजे घाईत एक र राहिला आणि वेलांटी चुकली. त्यानं र घातला, वेलांटी दीर्घ केली, पदवीनंतर पूर्णविराम दिला. गावाकडं एका जवानाचा बॅनर त्यानं केला होता, तोच नमुना वापरला. फोटो जुना, म्हणून तो माझाच हे त्याला कळलं नाही, मला त्यानं दुर्गेंचा कोणी नातलग समजलं. ‘शुभेच्छा’ त्याला खटकल्या, पण गिऱ्हाइकाच्या भावनेला हात लावायचा नाही म्हणून नुसत्या बारीक केल्या. आणि त्याला लग्नाला जायचं होतं म्हणून तारखेच्या आधीच, त्या सकाळी, फ्लेक्स लावून, दुकानाला कुलूप घालून, फोन बंद करून तो गेला.

फ्लेक्सखाली एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते. शेजारच्या गावचे असावेत. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो. काय करावं सुचेना म्हणून मीही हात जोडले.

“वळखत होते का?” त्यांनी विचारलं.

“थोडंफार.”

“मानूस चांगला. फाइल दाबून ठेवायचा, पन मानूस चांगला.”

“गेले कसे?” मी विचारलं. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“जंगलात गेला म्हनतात. वीरमरन म्हंजे लढून गेला असन.”

“कोनासंगं?”

“ते लिवलं नाही.”

“अन् खाली शुभेच्छा काऊन?”

त्यांनी डोळे बारीक करून वाचलं. “पोराले असतीन,” म्हणाले. “नोकरी लागली ना त्याले. बापानं बरोबर टायमावर केलं. चार दिस उशीर केला असता तर पोरगं बसलंच होतं.” आणि टोपी घालून ते बसकडं गेले. माझ्याकडं त्यांनी धड बघितलंही नाही. जिवंत माणसाकडं कोण निरखून बघतं?

आता सरळ माणूस धावत घरी गेला असता. प्रतिभा रडत असेल, अनुप धावपळ करत असेल, हे मला कळत होतं. पण मी फ्लेक्सखालीच थांबलो. फोन कधीचाच बॅटरी संपून बंद पडला होता आणि त्याचं मला बरंच वाटलं. मी मेल्याची मला भीती वाटत नव्हती, ते खोटं आहे हे मला निश्चित माहीत होतं. भीती एकाच गोष्टीची होती, आपल्या पोराचा चेहरा बघण्याची. टेबलापलीकडं इतके चेहरे बघितले, आता तो चेहरा माझ्या घरात असला तर मी काय करावं? त्याला चहा मागवावा?

मी पुढच्या दारानं गेलो नाही. मागच्या गल्लीतून, बाथरूमच्या भिंतीआड येऊन उभा राहिलो. अंगणात सगळं गाव जमलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, टेबलावर बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या. आमची लांबची आत्या बयनाबाई गळा काढून रडत होती, “दौलत रे, असा कसा गेला रे, परवा माह्यी शिडी घेऊन गेला, कोठी ठेवली ते बी नाही सांगितलं रे...” शिडी तिच्याच गोठ्यामागं होती. मला सांगावंसं वाटलं, पण मला अजून स्वतःच्या जिवंतपणाची खात्री देता येत नव्हती.

प्रतिभा खाली मान घालून बसली होती. दोन पोरं माझा शोध घ्यायला इंद्रवेल्लीकडं पाठवली होती, असं बोलण्यावरून कळलं. मी सांगितलेला फ्लेक्स एकतीसला लागायचा होता, म्हणून हा ऑफिसनंच लावला असं सगळ्यांनी धरलं होतं. अनुप खुर्चीवर होता, हातात फोन, डोळे लाल. आणि त्याच्या शेजारी नरसिंगराव. हा माणूस रिटायर झाल्यापासून इतका तरतरीत मी कधी बघितला नव्हता.

“हे पाह्य अनुप, दुःख आपल्या जागी,” ते सांगत होते. “पन तारीख महत्त्वाची. डेथ सर्टिफिकेटवर महिना हाच पाहिजे. सर्व्हिसमदी असतानाच गेले, ड्युटीवर गेले, म्हंजे डबल मजबूत. मी स्वता येतो ऑफिसात. बापाची जागा बापानं राखून ठेवली तुह्यासाठी, समज.”

अनुप हातातला फोन उलटासुलटा करत होता. बयनाबाईसुद्धा श्वास घ्यायला थांबली होती. मी भिंतीला कान लावून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, बोलू नको, बाबा रे, काही बोलू नको.

“काका,” अनुप म्हणाला, “ऑर्डर किती दिवसात निघते?”

मी मागं सरलो आणि रिकाम्या बादलीत पाय गेला. बादली गडगडली, तोल पुढं गेला आणि मी तिच्यासकट अंगणात आलो. अशा रीतीनं मी माझ्या मयताला हजर झालो.

पुढचं वर्णन करणं माझ्या प्रतिष्ठेला धरून नाही. प्रतिभा उठली, माझी कॉलर धरली, “कोठी होते तुमी? कोठी होते?” असं विचारत मला गदागदा हलवलं आणि मग माझ्याच छातीवर डोकं ठेवून रडली. बायका पळाल्या, त्यातल्या दोघी परत आल्या. बयनाबाईला थांबता येईना, ती बराच वेळ माझ्याकडं बघत माझ्यासाठी रडत राहिली. नरसिंगराव हातातली अनुपची सर्टिफिकेटं गोळा करत म्हणाले, “दौलतराव, आनंदच हाये. पन फोन तरी करावा मानसानं. लोकायचा दिवस गेला.” खरं सांगतो, मी सगळ्यांची माफी मागितली. एक-दोघांच्या चेहऱ्यावर अशी निराशा होती की मला अपराधी वाटलं. चहा झाला. लोक जिवंत माणसाच्या घरून निघावं तसे सुस्तावत निघून गेले.

अनुप तेवढा उठला नव्हता. मी आलो तेव्हा तो खुर्चीतच होता, आणि गर्दी गेल्यावरही तिथंच होता. मी त्याच्यासमोर बसलो. ऑफिसात बसतो तसाच, हात टेबलावर ठेवून.

“ऐकलं मी,” मी म्हटलं. “किती दिवसात निघते म्हने.”

त्यानं नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, तो काहीतरी सांगेल, काका बोलत होते म्हणून बोललो वगैरे. मीच त्याला दोन-तीन कारणं मनात तयार करून ठेवली होती.

“फ्लेक्स पाह्यला तवा मी लय रडलो बाबा,” तो म्हणाला. “खोटं नाही सांगत. तुमचा फोन लावत राह्यलो, लागून नाही राह्यला. मंग काका आले. नोकरीचं बोलले. मंग माह्यं रडनं थांबलं.”

“हं.”

“थांबलं म्हंजे मी तुमच्या टेबलावर जाऊन बसलो. मनात. पगार झाला. आईचा मोतीबिंदू केला. लग्न बी झालं माह्यं, पोरगी कोन ते नाही दिसली. लोकं मले सर म्हनून राह्यले. सगळं दोन मिनिटात. अन् मंग बादली वाजली.” तो खाली बघत होता. “तुमी दिसले तर आनंदच झाला ना बाबा. कोनाले नाही होनार? पन मले तिथून उठून यावं लागलं.”

रागावायचं ठरवून बसलो होतो, आणि रागावता येईना. ज्या प्रश्नाला मी जन्मभर भ्यालो, तो विचारणाऱ्यांपैकी एकाही पोराला मी कधी विचारलं नव्हतं की बाबा, तुला काय वाटतं. पोरगं माझ्यासमोर बसलं होतं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं, स्वतःलाच.

“मोतीबिंदूचं लक्षात हाये माह्या,” मी म्हटलं.

एकतीस तारीख आली. मी शेवटचा दिवस शाल, नारळ आणि भाषणं यांच्यात काढला. भाषणांत प्रत्येकानं वीरमरणाचा विनोद केला आणि प्रत्येकाला वाटलं तो पहिल्यांदाच करतोय. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. दार लावलं की मी घाबरतो.

“दौलत गारू,” ते म्हणाले, “आप की खाळी तो हो गई. भरती कब होती, किसी को नै मालूम. काम कौन करता? आप ही आओ, कल से. कॉन्ट्रॅक्ट पे. वही कुर्सी, वही टेबल.”

मी म्हटलं, “साब, मेरा लडका है. पढा-लिखा है, कॉम्प्युटर आता. उस को लेलो कॉन्ट्रॅक्ट पे.”

साहेब हळहळले, मनापासून. “उस को एक्सपीरियन्स नै है ना.”

“एक्सपीरियन्स कायसे आता साब?”

“नौकरी करे तो आता.”

ते वाईट माणूस नाहीत. ‘विचार करून सांगतो’ म्हणून मी उठलो.

घरी यायला मला जंगलातून यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. हे घरात सांगायचं कसं? होय म्हटलं तर पोराच्या देखत रोज डबा घेऊन त्याच खुर्चीवर जायचं. नाही म्हटलं तर ती खुर्ची रिकामी राहणार आणि तिच्यावर धूळ बसणार, पण पोरगं बसणार नाही. जेवताना मी सगळं सांगून टाकलं. प्रतिभाचा घास हातात राहिला.

अनुप आधी हसला. बऱ्याच महिन्यांत त्याला हसताना बघितलं नव्हतं. “म्हंजे बाबा,” तो म्हणाला, “जिवंत असले तर तुमीच, रिटायर झाले तरी तुमीच. तुमी खरंच मेले असते, तरच ती जागा माह्यी होती.”

त्यानं स्वतःचं बोलणं ऐकलं आणि त्याचं हसणं गेलं.

“मी नाही म्हनून आलो,” मी म्हटलं. हे खोटं होतं, मी काहीच म्हटलेलं नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की आता ते खरं करावं लागणार. प्रतिभानं माझ्याकडं बघितलं, मग अनुपकडं, आणि दोघांच्याही ताटात भाजी वाढली.

एक तारखेला सकाळी मी साहेबांना फोन करून नकार कळवला. मग आंघोळ केली, भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुठं जायचं नाही हे आठवून पुढच्या खोलीत बसलो. अनुपही तयार होऊन तिथंच बसला होता. तो रोज असाच तयार होऊन बसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी त्या वेळी ऑफिसात असायचो. भिंतीवरून नरसिंगरावांनी डोकं वर काढलं आणि ओरडून सांगितलं की दौलतराव, आता खुशाल जगा, पेन्शन हाये.

माझ्या छातीत उगाच धडधडायला लागलं. अनुपनं ते बघितलं असावं. तो उठला, आत गेला, माझी बीपीची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

मी हातातल्या गोळीकडं बघत बसलो. जित्याची खोड, मनात आलंच. तेही त्यानं ओळखलं.

“घ्या बाबा,” तो म्हणाला. “आता तुमच्या मरन्यात कोनाचाच फायदा नाही. आता नुसतंच वाईट वाटन.”

मी गोळी घेतली.